कस्टर्डची परांची

माझी मुलगी इशबेल दोन-दोन आठवडे उत्तर समुद्रात असते,
तेलाच्या फलाटाखाली दोराला लटकून
गंज खरवडते.
मागे उरतं ते माझ्याकडे :
बिलं, एक कुंडी, आणि हा साप.

पिल्लू होता तेव्हा पिवळा, म्हणून कस्टर्ड.
मग हिरवा झाला. नाव तसंच राहिलं,
जसे गोदीतले म्हातारे या टकलाला
अजून "तांबड्या" म्हणतात.

पहिल्या हिवाळ्यात दुकानातली फांदी होती,
रबरी वाट्यांनी काचेला चिकटवलेली.
रात्री दोनला वाटी सुटली.
आवाज फार नाही झाला,
ओला टॉवेल पडावा, इतकाच.
सकाळी त्याच्या पाठीवर गाठ होती. आजही आहे.
इशबेल नुसतीच बघत राहिली.
मी म्हटलं, सरक.

चाळीस वर्षं क्लाइडच्या काठी
मी जहाजांना परांच्या बांधल्या.
जहाज पाण्यात उतरतं त्या दिवशी बँड वाजतो.
परांची तोवर सोडून, मोजून, रचून ठेवलेली असते.

शेजारचा फर्गस नाक काचेला लावून विचारतो,
त्याला सांगतो ते असं :
फांदी सापाच्या जाडीएवढी. सूतभर कमी चालेल, जास्त नको,
जाड फांदीवर त्याची पकड बसत नाही.
आणि आडवी हवी. पाणसळ लावून आडवी.
तो तिच्यावर दोन्ही अंगांनी ओघळून बसतो
खोगिरासारखा, आणि डोकं बरोबर मध्ये ठेवतो.
एक उबेजवळ, एक लांब, खाली सावलीत.
कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवेल.

गाठी आधी कानशीने, मग काचकागदाने.
मग डोळे मिटून फांदी गालावरून फिरवायची.
माझ्या तळहाताला घट्टे आहेत, त्याला कुसळ कळत नाही.
चिकटपट्टी नको, ती खवल्यांसकट निघते.
दिव्याला जाळी पाहिजेच,
ऊब दिसली की मिठी मारताना
कोणी विचार करत नाही.

टोकं खाचेत बसवायची, खाच वरून उघडी.
साप हलवायचा झाला तर फांदीसकट उचलायचा,
सोडवत बसायचं नाही.
तू गाडीत झोपतोस तेव्हा
तुझे बाबा तुला तसंच नेतात की नाही?

साप सव्वा किलोचा.
मी फांदीला बारा किलो बटाटे रात्रभर टांगतो.
फर्गस हसतो. हसू दे.

कॅलमच्या फळीला एक गाठ कमी होती.
त्याचा डबा मी त्याच्या घरी पोचवला,
आत सँडविच तसंच.
त्याच्या बायकोने डबा धुतला, पुसला,
आणि मलाच परत दिला.
का, ते मी कधी विचारलं नाही.
त्यात आता स्क्रू असतात.

रविवारी फोन येतो. मागे वारा.
"कस्टर्ड?"
"नव्या फांदीवर. शेपूट खाली सोडून बसलाय."
"बटाटे टांगलेस?"
"टांगले."
मग मी विचारतो, जे आठ वर्षं विचारायचं होतं,
"तुझ्या दोराला कोण टांगतं बटाटे?"
ती हसते. "दोन माणसं तपासतात, बाबा.
दोघं सही करतात."

सह्या मी केल्यात, पोरी.

हे मी बोलत नाही. जेवलीस का, एवढंच विचारतो.
बाहेर ग्रीनॉकचा पाऊस, आडवा.
मी पेटीचं दार उघडतो, फवारा मारतो,
आणि तो झोपेत आहे हे दिसत असूनही
अंगठ्याने फांदीचं टोक दाबून बघतो.
एक वेटोळं जरासं आवळतं,
पुन्हा सैल होतं.
पाठीवरच्या गाठीपाशी थेंब थांबलाय.
तो डोकं न उचलता
पिऊन टाकतो.